हलगीतले गणित आणि आपला वारसा

विद्यालयाच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे, दात्यांचे आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे स्मरण व्हावे हे उचितच आहे. या निमित्ताने आम्हां शिक्षकांना पुढच्या वाटचालीविषयीही एक विचार मांडावासा वाटतो. विषय संगीतातील गणिताचा आहे. कोल्हापूर स्वतःला अभिमानाने कलापूर म्हणवते. राजर्षी शाहू छत्रपतींनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना येथे आश्रय दिला, गायन समाज देवल क्लबसारखी संस्था येथे रुजली, आणि कुस्तीच्या मैदानात आजही हलगी, घुमकं आणि कैताळ यांच्या कडकडाटाशिवाय रंग भरत नाही. अशा नगरीत शिकणारी आमची मुले गुणोत्तर-प्रमाणाच्या प्रकरणाला घाबरतात, आणि ज्या वाद्यांत ते प्रकरण शिगोशीग भरले आहे ती वाद्ये शाळेत फक्त मिरवणुकीपुरती येतात. ही वाद्ये मिरवणुकीतून प्रयोगशाळेत आणावीत, हे आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे दिसते तितके सोपे नाही. त्याच्या आड आपल्या समाजाचा एक दुखरा इतिहास आहे, आणि त्याचाही विचार आम्हांला करावयाचा आहे.

प्रथम तारेचे गणित पाहू. एका लाकडी पेटीवर साठ सेंटिमीटर लांबीची एक तार ताणून बसवावी आणि छेडावी. जो स्वर निघेल त्याला षड्ज म्हणू. ताण तोच ठेवून तारेची कंप पावणारी लांबी निम्मी, म्हणजे तीस सेंटिमीटर केली, की तार सप्तकातला षड्ज मिळतो. चाळीस सेंटिमीटरवर पंचम येतो, पंचेचाळीसवर शुद्ध मध्यम, अठ्ठेचाळीसवर शुद्ध गंधार, छत्तीसवर धैवत आणि बत्तीसवर निषाद. एकटा ऋषभ तेवढा पूर्णांकात बसत नाही. तो त्रेपन्न पूर्णांक एक तृतीयांश सेंटिमीटरवर सापडतो. तारेची लांबी आणि तिच्या कंपनांची वारंवारिता यांचे प्रमाण व्यस्त असते. लांबी दोन तृतीयांश झाली की वारंवारिता दीडपट होते, म्हणून षड्ज आणि पंचम यांचे नाते दोनास तीन असे असते. षड्ज-मध्यमाचे नाते तीनास चार, षड्ज-गंधाराचे चारास पाच. गणिताच्या पुस्तकातला व्यस्त चलनाचा नियम येथे कानाने ऐकू येतो. आपल्याकडे सतराव्या शतकात अहोबल पंडिताने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या, त्या याच मार्गाने.

हे दोन स्वर एकत्र वाजले की कानाला गोड का लागतात? कोणतीही तार एकच स्वर देत नाही. मूळ वारंवारितेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारितेचे सूक्ष्म उपस्वरही ती देत असते. षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा उपस्वर अगदी एका जागी येतात. नाते जितके लहान अंकांचे, तितके दोन स्वरांचे उपस्वर अधिक जुळतात. ज्याला आपण संवाद म्हणतो त्याचे एक मोठे कारण या जुळणीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. आमचे म्हणणे एवढेच, की तारेचा हा नियम ऐकणाऱ्याचे कूळ विचारत नाही. ज्याला कान आहेत आणि मोजपट्टी आहे, त्याला तो पडताळता येतो.

पडताळणीचा विषय निघाला आहे तर इतिहासाच्या अभ्यासकांना आवडणारी एक हकिकत येथे सांगायला हवी. ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरस लोहाराच्या भात्याजवळून जात असता त्याला घणांचे सुसंवादी नाद ऐकू आले. घणांची वजने केली तेव्हा ती बारा, नऊ, आठ आणि सहा या प्रमाणात भरली. तीच वजने तारांना टांगली तेव्हा तेच स्वर निघाले, अशी आख्यायिका युरोपात शतकानुशतके ग्रंथांतून ग्रंथांत उतरत राहिली. विद्वानांनी ती लिहिली, शिकवली, चित्रांत रंगवली. मात्र ती खोटी आहे. तारेची वारंवारिता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. स्वर दुप्पट उंच हवा असेल तर वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागते. पंचम हवा असेल तर चार किलोच्या जागी नऊ किलो टांगावे लागतात, कारण नवाचे वर्गमूळ तीन आणि चाराचे दोन. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विन्चेन्झो गॅलिली या इटालियन संगीतज्ञाने प्रत्यक्ष वजने टांगून ही आख्यायिका मोडीत काढली. पुढे दुर्बिणीने जगाची दृष्टी बदलणारा गॅलिलिओ हा त्याचाच पुत्र.

तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचा आशय आपण सर्व जाणतो. ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा थोरांनी सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः तपासावे. वजने टांगण्याचा हा प्रयोग आठवीच्या मुलाला अर्ध्या तासात करता येतो. जी गोष्ट शतकानुशतके पंडित तपासल्याविना सांगत आले, ती आपला विद्यार्थी एका तासिकेत तपासून पाहतो. ‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि पाहा, या शब्दाचा याहून सुबोध पाठ आम्हांला सुचत नाही.

आता आपल्या शेजारी येऊ. कोल्हापूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावर मिरज आहे. तेथील तंतुवाद्ये देशभर जातात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी आणि हत्यारे घडवणे, त्यांना धार लावणे हा त्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली हत्यारांचे काम सरले, आणि हेच कुशल हात वाद्यांकडे वळले. पंढरपूरच्या परिसरातला कडू भोपळा, लाकडाची दांडी, धातूच्या तारा आणि घोडीवर केलेली जवारी यांतून तंबोरा उभा राहतो. जवारी करणे म्हणजे घोडीचा पृष्ठभाग अतिशय मंद वक्रतेने घासणे आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून नेमकी जागा शोधणे. तार त्या वक्र पृष्ठभागाला क्षणोक्षणी स्पर्श करते आणि तिचे उपस्वर फुलून येतात. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्यांचा निःस्पंद असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा साध्या तारेचा नियम आहे. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवून दिली. भौतिकीच्या पुस्तकात जे पुढे नोंदले गेले, ते कारागिरांची बोटे पिढ्यान्‌पिढ्या करत आली होती.

खर्जाची तार नीट जुळलेली असेल तर तिच्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. गायक मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण आम्ही बुद्धाच्या वाटेने जाणारे लोक ‘स्वयंभू’ या शब्दापाशी थोडे थबकतो. तो गंधार षड्जाच्या पाचपट वारंवारितेचा उपस्वर आहे. तारेची लांबी, तिचा ताण, तिचे वजन, जवारीची वक्रता आणि दोऱ्याची जागा यांच्या योगाने तो उत्पन्न होतो. दोरा केसभर सरकला की लोपतो. कारण असेल तर कार्य असते, कारण नसेल तर नसते. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत मुलांना समजावताना आम्ही दिवा, तेल आणि वात यांचे उदाहरण देतो. यापुढे तंबोऱ्याच्या गंधाराचेही द्यावे असे वाटते. जगात स्वयंभू काही नाही. स्वरही नाही आणि कुणाचे श्रेष्ठत्वही नाही.

याच परिसरात संगीताच्या गणितावर एक मोलाचा वादही झडला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना या कामी साथ होती. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यात लक्ष घातले आणि खास श्रुतींची हार्मोनियम तयार करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत पंडित भातखंडे आणि इतर जाणकारांनी या मांडणीला विरोध केला. कोण किती बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, स्वर मोजता येतो आणि त्यावर पुराव्याने वाद घालता येतो, हे या वादाने प्रस्थापित केले.

साध्या हार्मोनियमचे गणित मुलांना विशेष रंजक वाटेल. तिच्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. म्हणजे प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. या हिशेबाने गंधार १.२५ पट येण्याऐवजी १.२६ पटीच्या जवळ येतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरला तर तंबोऱ्याचा गंधार ३०० वर आणि पेटीचा सुमारे ३०२.४ वर. फरक किरकोळ वाटतो. पण षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० वर आणि पेटीच्या गंधाराचा चौथा १२०९.५ च्या आसपास पडतो, आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा स्वर थरथरतो. मग पेटीत शुद्ध गुणोत्तरेच का बसवू नयेत? कारण पंचमाची दीडपट बारा वेळा केली की सुमारे १२९.७५ पट होते, आणि सप्तकाची दुप्पट सात वेळा केली की १२८ पट. दोन्ही वाटा एका जागी यायला हव्यात, पण येत नाहीत. तीनाचा कोणताही घात दोनाच्या कोणत्याही घाताएवढा होत नाही, या अंकगणिताच्या साध्या सत्यामुळे पट्ट्यांच्या वाद्याला तडजोड करावी लागते. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले, त्या वादातही पेटीच्या स्वरांच्या या उणिवेचा मुद्दा होता. आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी मात्र याच पेटीवर असामान्य प्रभुत्व मिळवले. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकण्याचा प्रयत्न केला हे आपल्याला ठाऊक आहे. व्हायोलिनला पट्ट्या नसतात, पडदे नसतात. बोटाने आणि कानाने गुणोत्तराची जागा शोधावी लागते. ग्रंथांच्या राशीत आयुष्य वेचलेल्या त्या महामानवाला हा शोधही हवासा वाटला, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

तारेनंतर आता कातड्याकडे वळू, कारण आमचा खरा मुद्दा तेथे आहे. तारेचे उपस्वर पूर्णांकांत असतात. गोल ताणलेल्या कातड्याचे तसे नसतात. त्याच्या मूळ वारंवारितेनंतर १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशा आडनिड्या पटींत उपस्वर येतात. त्यामुळे साध्या ढोलाचा नाद घुमतो, दणाणतो, पण स्वरात बसत नाही. आणि तरीही तबला स्वरात मिळवता येतो! त्याचे रहस्य पुडीवरच्या काळ्या शाईत आहे. लोहचूर्ण आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर घोटून, मध्ये जाड आणि कडेला विरळ अशी ती शाई बसवतात. मध्यभागी वाढवलेल्या या वजनाने उपस्वर सरकतात. पहिल्या नऊ कंपनप्रकारांचे पाच गट होतात, आणि ते पाच गट एक, दोन, तीन, चार, पाच या पूर्णांकांच्या अगदी जवळ येतात. कातडे जणू तारेसारखे बोलू लागते. रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२० च्या प्रारंभी ‘नेचर’ या नियतकालिकात मृदंगाच्या आणि तबल्याच्या या गुणाकडे जगाचे लक्ष वेधले आणि १९३४ मध्ये त्यावर सविस्तर निबंध लिहिला.

हलगीला शाई नसते. लोखंडी कड्यावर पातळ कातडे ताणलेले, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्यापूर्वी ती जाळावर धरून शेकतात. कातड्यातला ओलावा उडतो, ते आकसू पाहते. पण कडे त्याला आकसू देत नाही, म्हणून ताण वाढतो आणि वर्गमुळाच्या त्याच नियमाने नाद चढतो. पावसाळी हवेत हलगी उतरते, पुन्हा शेकावी लागते. शेकणाऱ्याला वर्गमुळाचे चिन्ह ठाऊक नसेल. पण किती शेकले म्हणजे नाद कोठवर चढेल आणि कोठे कातडे फाटेल, याचा त्याचा अंदाज बिनचूक असतो. तो अंदाज हे ज्ञान आहे. ते कागदावर आले नाही, आणि ज्यांच्या हातात कागद होता त्यांनी ते कधी उतरवूनही घेतले नाही.

येथे इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. विज्ञानाच्या इतिहासात रामन यांचे नाव आहे, आणि ते न्याय्यच आहे. कातड्यावर शाईचा थर देऊन त्याला स्वरात बोलायला लावण्याची युक्ती प्रथम ज्याने काढली, त्याचे नाव नाही. मेलेले जनावर ओढणारा, कातडे कमावणारा, वादी कापणारा अस्पृश्य; त्याच कातड्यावर थाप मारणारा कलावंत सभेत मानकरी. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर, त्यांतील अनेक दलित ख्रिस्ती कुटुंबांवर, एक सबंध पुस्तक लिहिले, तेव्हा अनेकांना हा प्रश्न प्रथमच जाणवला. आपल्याला मात्र तो जन्मतः माहीत आहे.

आणि म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांनी हे वाद्य खाली ठेवले. हलगी, डफडे वाजवणे ही गावकीने लादलेली सेवा होती. दवंडी असो, देवाची पालखी असो की पाटलाच्या घरचे लग्न असो, वाजवणाऱ्याने पुढे चालायचे आणि पंगतीच्या वेळी दूर बसायचे. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन नष्ट केले. रामन यांचे टिपण प्रसिद्ध झाले त्याच १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. पुढच्या काळात गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेली गुरे ओढणे सोडले आणि वाजवणेही सोडले. त्यासाठी बहिष्कार सोसला, उपास काढले. त्या त्यागावर आज आपण उभे आहोत. म्हणून कुणी ज्येष्ठ कार्यकर्ता आम्हांला विचारील, “गुरुजी, जे आम्ही रक्त आटवून टाकले, ते तुम्ही पुन्हा पोरांच्या हातात देणार?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उडवून लावण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आमचे उत्तर असे. वाडवडिलांनी जी टाकली ती वेठ होती. हलगीतले ज्ञान वेठ नव्हते. ते त्यांच्या बुद्धीचे धन होते, आणि वेठीबरोबर तेही टाकले गेले तर नुकसान आपलेच आहे. आज परदेशांतील विद्यापीठांत तबल्याच्या पुडीवर संशोधन होते. उद्या आपल्या मुलाने हे गणित परक्या पुस्तकातून, परक्याचा शोध म्हणून शिकावे, ही आम्हांला दुसरी वंचना वाटते. वाद्य आणि विटंबना यांची गाठ जातीने मारली होती. ती सोडवण्याचे काम शाळेचे आहे. भीमगीतांच्या आणि जलशांच्या परंपरेने ही गाठ एका बाजूने सोडवली आहेच. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींच्या शब्दांना ढोलकीची साथ मिळाली, तेव्हा ते वाद्य लाचारीचे राहिले नाही, चळवळीचे झाले. दुसरी बाजू विज्ञानाची आहे, आणि ती अजून मोकळी व्हायची आहे.

म्हणून काही मर्यादा घालूनच आम्ही ही सूचना करतो. आडनाव किंवा जात पाहून कोणत्याही मुलाच्या हाती हलगी दिली जाऊ नये. वर्गातील प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने ती आळीपाळीने हाताळावी. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलांना वाजवत उभे करू नये. वाद्याची जागा प्रयोगशाळेत, सोनोमीटरच्या शेजारी असावी. सहावी-सातवीच्या मुलांनी साठ सेंटिमीटरच्या तारेवर सात स्वरांच्या जागा मोजाव्यात. आठवी-नववीच्या मुलांनी चार आणि नऊ किलोची वजने टांगून वर्गमूळ कानाने ऐकावे. दहावीच्या मुलांनी हलगी शेकण्यापूर्वी आणि शेकल्यानंतर तिच्या नादाची वारंवारिता मोजावी आणि आलेख काढावा. आज हे मोजणारे साधन मोबाइलमध्ये फुकट मिळते. आणि हलगी घडवणारा, तबल्याला शाई भरणारा, मिरजेत जवारी करणारा कारागीर वर्षातून एकदा पाहुणा शिक्षक म्हणून वर्गात यावा. त्याला खुर्ची द्यावी, मानधन द्यावे, आणि त्याने सांगितलेले मुलांनी त्याच्या नावानिशी वहीत उतरवून घ्यावे. इतिहास शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना या अखेरच्या गोष्टीचे मोल सर्वांत अधिक वाटते. नाव लिहिले गेले की माणूस इतिहासात येतो.

शेवटी आपल्याच धम्मवाङ्मयातली एक कथा. श्रीमंत घरात वाढलेला सोण कोळिविस भिक्खू झाला आणि इतक्या हट्टाने चंक्रमण करू लागला की त्याचे कोवळे तळवे फुटून रक्त वाहू लागले. निराश झालेल्या सोणाला तथागतांनी वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर ती नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरीही नाही. योग्य ताणावरच ती बोलते. ही उपमा आपण मध्यम मार्गासाठी नेहमी सांगतो. कथेचा पुढचा भाग मात्र क्वचित सांगतो. तथागतांनी सोणाला पादत्राणे घालण्याची मुभा दिली. तेव्हा त्याने, ती साऱ्या संघाला मिळणार असेल तरच मी घेईन, असे म्हटले, आणि मग सर्व भिक्खूंना ती अनुमती मिळाली. विनयपिटकाच्या महावग्गातील ज्या प्रकरणात हे येते त्याचे नाव ‘चम्मक्खंधक’ आहे. म्हणजे चामड्याचे प्रकरण. तारेचा ताण आणि कातड्याची वहाण एकाच कथेत, एकाच आदराने नांदतात. कातड्याचे आणि कातड्याच्या कारागिरीचे नाव ज्या नगरीने जगभर नेले त्या कोल्हापुरात शिकणाऱ्या आपल्या मुलांना ही कथा पूर्ण सांगितली पाहिजे. ज्ञान मिळणार असेल तर ते सर्वांना मिळो, हा सोणाचा आग्रह. आणि शाहू महाराजांनी या शहरात वसतिगृहे उभी केली ती याच आग्रहाने. आपले विद्यालयही त्याच मालिकेतले आहे. त्याच्या प्रयोगशाळेच्या फळीवर येत्या जूनपासून एक हलगी असावी, आणि तिच्याखाली ती घडवणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, एवढीच आमची व्यवस्थापनाला आणि पालकांना विनंती आहे.